संगणकावर ‘उपलब्ध’, कपाटात पत्ता नाही: राखीव पुस्तकांचा दर सत्रातला घोळ

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. एम. ए. भाग एकची एक मुलगी काउंटरवर आली आणि तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर आमचाच कॅटलॉग. "मॅडम, हितं तर दावतंय की पुस्तक हाय म्हणून. राखीव कपाटात. आन् मामा म्हणत्यात न्हाई."

मामा म्हणजे आमचे ग्रंथालय परिचर. ते नाही म्हणाले म्हणजे पुस्तक कपाटात नाही, यात मला शंका नव्हती. संगणकही खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढंच तो सांगत होता. दोघंही खरे, आणि पोरगी मात्र रिकाम्या हातानं जतच्या एसटीला.

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, म्हणजे अभ्यासक्रम कोल्हापूरहून येतो आणि पुस्तकं आमच्या कपाटातून द्यायची असतात. हा प्रसंग सत्र बदललं की वर्षातून दोनदा ठरलेला. पूर्वी मी त्या त्या वेळी ते एक पुस्तक शोधून द्यायचे आणि विषय संपला असं मानायचे. पुढच्या सत्रात पुन्हा तेच. आता शोधायचा एक क्रम बसला आहे आणि घोळ नेमका कुठं होतो तेही बऱ्यापैकी कळलं आहे. ग्रंथालयातल्या मंडळींसाठी लिहिते आहे, पण ‘आम्ही पुस्तक लावलंय, तुम्ही देत नाही’ अशी तक्रार असलेल्या प्राध्यापकांनी वाचलं तरी चालेल. वाचलंत तर बरंच होईल.

आधी शब्दाचा गुंता

‘राखीव’ हा शब्द आमच्याकडे तीन अर्थांनी वापरला जातो आणि निम्मा घोळ तिथंच सुरू होतो. एक, दुसऱ्यानं नेलेलं पुस्तक परत आल्यावर मला द्या म्हणून नाव नोंदवणं. दुसरा, संदर्भ विभागातलं पुस्तक, म्हणजे शब्दकोश, गॅझेटिअर वगैरे, जे घरी मिळतच नाही. आणि तिसरा अर्थ आपल्या कामाचा: एखाद्या पेपरला, म्हणजे अभ्यासक्रमातल्या एका विषयाला, वाचणं आवश्यक असलेलं पुस्तक, सत्रापुरतं मुख्य कपाटातून काढून काउंटरजवळ ठेवलेलं, दोन तासांसाठी किंवा फार तर एका रात्रीसाठी द्यायचं, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांच्या हाताला लागेल.

दोन वर्षांपूर्वी एका सरांनी फोन केला, "माझ्या पेपरची पाच पुस्तकं राखीव करा." काउंटरवर नवीन मुलगा होता. त्यानं पाचही पुस्तकांवर सरांच्या नावानं पहिल्या प्रकारची नोंद टाकली. पुस्तकं परत आली की संगणक ‘यांच्यासाठी बाजूला ठेवा’ म्हणायचा, मुलगा बाजूला ठेवायचा, सर काही न्यायला यायचे नाहीत. पुस्तकं ग्रंथालयातच होती, सुरक्षित होती आणि महिनाभर कुणालाच मिळाली नाहीत. कुणाची चूक म्हणायची? सरांनी बरोबर सांगितलं, मुलानं सांगितल्याप्रमाणे केलं. एसटीत ‘राखीव’ लिहिलेल्या सीटवर कोण बसलेलं असतं ते आपण रोज बघतो, त्यातलाच प्रकार.

तेव्हापासून आम्ही बोलताना तीन वेगळे शब्द ठरवले. पहिल्याला ‘नाव नोंदवलंय’, दुसऱ्याला ‘संदर्भ’, आणि तिसऱ्याला ‘पेपरचं पुस्तक’. ‘राखीव’ हा शब्द फक्त कपाटावरच्या पाटीवर राहिला आहे. खात्री करायची असेल तर पुस्तकाच्या नोंदीत बघा: कुणाच्या नावावर प्रतीक्षा दिसत असेल तर ते पेपरचं पुस्तक नव्हे, ते चुकून अडकलेलं पुस्तक.

पुस्तक सापडत नाही तेव्हा कुठं बघायचं

नोंद ‘उपलब्ध’ म्हणते आणि कपाटात नाही, असं झालं की सेटिंगला हात लावायच्या आधी पुस्तक शोधा. मी दाखल क्रमांक (ग्रंथालयानं त्या प्रतीला दिलेला आकडा) कागदावर लिहून घेते आणि मामांबरोबर फिरते. फिरण्याचा क्रम अनुभवानं ठरला आहे.

पहिली जागा परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी. परतीची नोंद झालेली असते, पुस्तक गाडीवर पडलेलं असतं. दुसरी जागा त्या पुस्तकाची मूळची, म्हणजे मुख्य रॅकमधली. घाईच्या वेळी कमवा-शिका योजनेतली मुलं पुस्तकं लावतात. ती पाठीवरचा वर्गांक, म्हणजे विषयानुसार जागा सांगणारा आकडा, बघतात आणि अगदी प्रामाणिकपणे पुस्तक जिथलं तिथं नेऊन लावतात. पुस्तक राखीव आहे हे त्याच्या पाठीवर कुठंच लिहिलेलं नसतं ना. यावर उपाय पाच रुपयांचा आहे. पाठीवर, वर्गांकाच्या वर, लाल चिकटपट्टी. संगणकात कितीही सुंदर नोंद करा, पुस्तक लावणारा हात पुस्तकाची पाठच बघतो. पट्टी कागदाची घ्या. प्लास्टिकची काढताना कापडी बांधणीचा रंग घेऊन येते.

तिसरी जागा सांगायला जरा वाईट वाटतं. पुस्तक वाचनकक्षातच असतं, पण दुसऱ्याच रॅकमध्ये दडवलेलं. परीक्षा जवळ आली की एखादा हुशार विद्यार्थी अर्थशास्त्राचं पुस्तक जुन्या जनगणना अहवालांच्या मागं सारून ठेवतो, उद्या आल्यावर आपल्यालाच मिळावं म्हणून. जनगणना अहवालांना कुणी हात लावत नाही हे त्याला बरोबर माहीत असतं. ओरडून काही होत नाही. दडवलेलं पुस्तक म्हणजे त्या पुस्तकाच्या प्रती कमी आहेत याची सूचना, असं मी धरते आणि पुढं सांगितलेला प्रतींचा हिशोब करायला घेते.

चौथी जागा झेरॉक्स. आमच्या फाटकाबाहेर दोन दुकानं आहेत. "पाच मिनिटांत आणतो मॅडम" म्हणून आयकार्ड ठेवून नेलेलं पुस्तक तिथं रांगेत पडलेलं असतं. आयकार्ड काउंटरवर, नोंद मात्र नाही. आता पाच मिनिटांसाठी न्यायचं असलं तरी बारकोड मारूनच द्यायचं असं ठरवलं आहे. बारकोड मारायला चार सेकंद लागतात, आयकार्ड खणात ठेवून नाव आठवायला त्याहून जास्त.

आणि पाचवी जागा विभागाचं कपाट. ज्या पुस्तकाबद्दल सुरुवातीला लिहिलं ते तिथंच सापडलं. ज्या सरांच्या पेपरचं ते पुस्तक, तेच तास घ्यायला जाता जाता राखीव कपाटातून ते घेऊन गेले होते. आपणच लावलेलं पुस्तक, नोंद कशाला करायची? मध्ये टिपणांचे कागद खुणेला घातलेले होते. यात लबाडी काहीच नाही, पण वर्गातली चाळीस मुलं चार दिवस अडली. प्राध्यापकांना हे सांगणं अवघड असतं, त्यात ते वयानं आणि पदानं मोठे असले तर आणखीच. मी सरळ विचारत नाही. "सर, ते पुस्तक तुमच्या नावावर टाकू का, म्हणजे मुलांना परत कधी येईल ते सांगता येईल," असं म्हटलं की बहुतेकदा पुस्तक दुपारच्या आत खाली येतं.

यादी उशिरा येते, आणि का येते

आता मुळाकडे. पुस्तक सापडत नाही हे वरचं दुखणं. त्याच्याखाली बहुतेक वेळा यादीचा उशीर असतो, म्हणजे कोणती पुस्तकं राखीव करायची ती शिक्षकांनी द्यायची यादी. जुलैमध्ये तास सुरू होतात, यादी ऑगस्टच्या शेवटी येते. तोवर हुशार मुलांनी आणि लगबगीच्या शिक्षकांनी पुस्तकं आपापल्या नावावर नेलेली असतात. मग जे पुस्तक राखीव करायचं ते आधीच कुणाच्या तरी घरी असतं, आणि राखीव कपाट लागतं तेच मुळी अर्धं रिकामं.

शिक्षकांचं चुकतं म्हणायला मीही आधी पुढं होते. नंतर लक्षात आलं की आमच्याकडचे बरेच पेपर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. त्यांच्या मुलाखती आणि नेमणुका सत्र सुरू झाल्यावर होतात. ज्या माणसाच्या हातात अजून नेमणुकीचं पत्रच नाही, त्यानं जूनमध्ये यादी कशी द्यायची? त्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलत गेले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर. पेपरचं नाव आणि कोड बदलले की जुनी यादी कुठल्या नव्या पेपरला लावायची हेही कळेनासं होतं.

म्हणून आम्ही यादीची वाट बघणं सोडलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घेते. प्रत्येक पेपरच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. ती कधी वीस-बावीस नावांची असते आणि त्यातली निम्मी पुस्तकं बाजारातही मिळत नाहीत. तरी तीच पायाभूत धरायची. तिच्यातली आमच्याकडे असलेली पुस्तकं, आणि त्यातली गेल्या दोन वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा गेलेली. एवढं गाळलं की पेपरमागं तीन-चार पुस्तकं उरतात. ती कुणी न सांगता राखीव कपाटात येतात. शिक्षक रुजू झाले की त्यांना यादी मागायची नाही, आमची यादी दाखवायची. कोरा कागद पुढं ठेवला तर महिना जातो. भरलेला कागद ठेवला तर "हे काढा, ते घाला" दहा मिनिटांत होतं.

त्यांना मी व्हॉट्सॲपवर तीनच गोष्टी विचारते: कोणतं पुस्तक, त्यातलं कोणतं प्रकरण, आणि साधारण कोणत्या महिन्यात शिकवणार. दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘हे पुस्तक’ म्हणणारे शिक्षक प्रत्यक्षात त्यातल्या पंचवीस पानांबद्दल बोलत असतात. ती पानं कळली तर पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. तिसऱ्या प्रश्नामुळं सगळं कपाट जुलैतच भरावं लागत नाही. ऑक्टोबरचं पुस्तक सप्टेंबरपर्यंत मुलांना सात दिवसांसाठी घरी नेता येतं.

कोहात कुठं अडकतं

आमच्याकडे पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव कोहा या सॉफ्टवेअरवर चालते. ज्यांच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर आहे त्यांनी हा भाग नजरेखालून घातला तरी पुरे, पण तर्क तोच राहतो.

कोहात अशा पुस्तकांसाठी स्वतंत्र ‘कोर्स रिझर्व्ह्ज’ विभाग आहे आणि तो आपोआप दिसत नाही. प्रशासनात सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘यूज कोर्स रिझर्व्ह्ज’ चालू करावं लागतं. मग ‘डिपार्टमेंट’ आणि ‘टर्म’ या दोन याद्या ऑथोराइज्ड व्हॅल्यूजमध्ये, म्हणजे ठरीव पर्यायांच्या तक्त्यात, भराव्या लागतात: विभागांची नावं आणि सत्रांची नावं. त्यानंतर पेपर तयार करायचा, शिक्षकाचं नाव जोडायचं आणि पुस्तकांचे बारकोड घालायचे. एकदम बरेच बारकोड घालायची सोयही आहे. यादी एक्सेलमध्ये असेल तर तीच वापरा.

पहिला सापळा बारकोड घालतानाच असतो. तिथं पुस्तकाचा प्रकार, संग्रह आणि जागा या सत्रापुरत्या बदलायच्या का, असं विचारलं जातं. घाईत तसंच पुढं गेलं तर पुस्तक पेपरच्या यादीत दिसतं खरं, पण त्याचा प्रकार जुनाच राहतो. मग काउंटरवर बारकोड मारला की कोहा इमानदारीनं सात दिवसांची तारीख देतो. ‘राखीव पुस्तक आठवड्यासाठी कसं गेलं?’ याचं उत्तर जवळजवळ नेहमी हेच असतं. पुस्तकाची नोंद उघडा, प्रकार बघा. ‘राखीव’ नसेल तर चूक तिथं आहे, काउंटरवरच्या मुलाला बोलू नका.

दुसरा सापळा नियमांचा. प्रकार बरोबर असूनही सात दिवसांची तारीख पडत असेल तर देवघेवीचे नियम बघा. कोहात नियम वाचकाचा प्रकार आणि पुस्तकाचा प्रकार या जोडीवर चालतात. ‘पदव्युत्तर विद्यार्थी’ आणि ‘राखीव’ या जोडीला नियमच लिहिलेला नसेल तर तो वरच्या सर्वसाधारण नियमाकडे जातो, आणि तो नियम बहुधा सात दिवसांचा असतो. वाचकांचा नवा प्रकार तयार केला की ही ओळ हमखास राहून जाते. आमच्याकडं पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा प्रकार वेगळा केला तेव्हा सगळी राखीव पुस्तकं त्यांना महिनाभरासाठी मिळत होती. तक्रार अर्थातच त्यांच्याकडून आली नाही. त्याच ओळीत मुदतीचं एकक दिवस की तास हेही निवडायचं असतं. दोनचा आकडा घातला आणि एकक दिवस राहिलं, तर दोन तासांचं पुस्तक दोन दिवस फिरून येतं.

तिसरा सापळा सत्र संपताना लागतो आणि पुढच्या सत्रात दिसतो. पेपर बंद केला की कोहा पुस्तकाचा मूळ प्रकार आणि मूळ जागा परत आणतो. पण तेच पुस्तक दोन पेपरांना जोडलेलं असेल आणि त्यातला एकही चालू राहिला असेल, तर ते राखीवच राहतं. म्हणजे गेल्या वर्षीचा पेपर बंद करायचा राहिला तर पुस्तक कायमचं दोन तासांचं होऊन बसतं, आणि कुणीतरी विचारतं, "हे पुस्तक घरी का मिळत नाही?" अशा पुस्तकाचा प्रकार थेट नोंदीत जाऊन हातानं बदलू नका. तात्पुरतं काम होईल, पण नंतर पेपर बंद केला की कोहा आपली आधीची नोंद परत बसवतो आणि तुम्ही केलेली दुरुस्ती जाते. पेपरांची यादी उघडा, जुने पेपर शोधा, तिथून बंद करा. दुसऱ्या रस्त्यानं जाऊ नका. मी जाऊन बघितलं आहे.

दोन तास आणि जतची एसटी

सेटिंग सगळं नीट झालं, पुस्तक कपाटात आहे, पट्टी लाल आहे, तरी मुलं नेत नाहीत. हा प्रश्न मला उशिरा कळला, कारण त्याची तक्रार येत नाही. पुस्तक जागेवर दिसतं, आपल्याला वाटतं सगळं व्यवस्थित.

आमच्याकडची बरीच मुलं तासगाव, आष्टा, पलूस, कवठेमहांकाळ आणि थेट जतहून येतात. जतची एसटी म्हणजे दोन-अडीच तास. सकाळी तास असतात, दुपारी गाडी असते. मधल्या वेळात दोन तास सलग बसून वाचायला मिळणं हे इथं सांगलीत, विश्रामबागेत खोली घेऊन राहणाऱ्यालाच जमतं. ‘दोन तास वाचनकक्षात’ हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे. प्रत्यक्षात तो सांगलीतच राहणाऱ्या मुलांसाठी आहे.

म्हणून रात्रीसाठी पुस्तक द्यायला सुरुवात केली. दुपारी तीननंतर न्यायचं, दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत परत. सुरुवातीला दहा म्हटलं होतं. जतची पोरं दहाला पोचत नाहीत हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. कोहात यासाठी वेगळा प्रकार करायची गरज नाही. देताना परतीची तारीख आणि वेळ हातानं घालता येते, फक्त सेटिंगमध्ये ती परवानगी दिलेली असली पाहिजे. शनिवारी नेलेलं पुस्तक सोमवारी. सलग सुट्ट्या आल्या तर मुक्कामाचं पुस्तक कुणाला द्यायचं यावर भांडणं होतात, तेव्हा सरळ चिठ्ठ्या टाकतो.

दंडाचं एक वेगळंच. आम्ही तासाला दोन रुपये दंड ठेवला होता. एका मुलानं दुपारी अडीचला पुस्तक घेतलं, साडेचारला द्यायचं होतं, विसरला, घरी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काउंटर उघडताच दिलं. कोहानं रात्रीचे तासही मोजले. सतरा तास, चौतीस रुपये. नियम आमचाच, हिशोब बरोबर, आणि मुलाचं म्हणणंही बरोबर: "मॅडम, रात्री तुमी बंदच व्हता की." नियमांच्या तक्त्यात दंडाची कमाल मर्यादा घालायची जागा असते. तिथं दहा रुपये घातले आणि प्रश्न मिटला.

पावसाळी सत्रात पुराचाही विचार करावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. कॉलेज अचानक बंद होतं, गाड्या बंद होतात, मुलं गावात अडकतात. अशा वेळी ते दिवस कोहाच्या कॅलेंडरमध्ये सुट्टी म्हणून लगेच भरा, आणि दंड मोजताना कॅलेंडर बघण्याचं सेटिंग चालू आहे ना तेही बघा, नाहीतर पुरात अडकलेल्या पोराला ग्रंथालयाचा दंड लागतो. आणि राखीव कपाट काउंटरजवळ असतं, काउंटर बहुधा तळमजल्यावर असतो. २०१९ आणि २०२१ नंतर सांगलीत पुस्तकांबद्दल हे वेगळं सांगायला नको. आमचं कपाट आता पहिल्या मजल्यावरच्या वाचनकक्षात आहे.

एकच प्रत आणि साठ मुलं

साधा हिशोब करून बघा. एक प्रत, दोन तासांची मुदत, दहा ते साडेपाच ग्रंथालय. कागदावर तीन फेऱ्या होतात. वर्गात साठ मुलं असतील तर प्रत्येकाच्या हाताला एकदा लागायला वीस कामाचे दिवस. रात्रीची फेरी धरली तर पंधरा. म्हणजे शिक्षकांनी सोमवारी ‘शुक्रवारपर्यंत वाचून या’ म्हटलं, तर वर्गातल्या वीस मुलांनाच ते शक्य आहे. हा हिशोब मी एका कागदावर मांडून शिक्षकांना दाखवते. तो बघितल्यावर बरेच जण स्वतःच म्हणतात, मग पंधरा दिवस आधी सांगतो.

दुसरी प्रत घ्यावी हे खरं उत्तर, आणि पैसे नाहीत हे खरं कारण. त्यामुळं त्या पंचवीस पानांचा विचार करायचा. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला पुस्तकातला मजकूर उतरवून घेण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अभ्यासक्रमातल्या वाचनासाठी तयार केलेल्या प्रतींच्या बाजूनं निकाल दिला. शिकवण्यासाठी जेवढं खरोखर लागतं तेवढं, हे त्यातलं सूत्र. प्रकाशकांनी २०१७ मध्ये खटला मागं घेतला. याचा अर्थ सगळं पुस्तक स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकायला मोकळीक मिळाली असा कुणी काढू नये. आम्ही नेमून दिलेल्या प्रकरणाची झेरॉक्स करून तिची फाइल राखीव कपाटातच ठेवतो, वर पुस्तकाचं नाव आणि पेपरचा कोड. पुस्तक एक, प्रकरणाच्या प्रती तीन. रांग तिथंच तुटते.

मराठीतलं बरंच वाचन तर कपाटात ठेवायचीही गरज नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत दिली आहेत. शेजारच्या साताऱ्यातल्या वाईहून चालणाऱ्या मराठी विश्वकोशाच्या नोंदीही मोफत आहेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं उलटलेलं लेखन कॉपीराइटमधून मोकळं झालेलं असतं. इंग्रजी पुस्तकांसाठी कॉलेजनं इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राची एन-लिस्ट ही ऑनलाइन वाचनाची वर्गणी घेतली असेल तर तिथं ई-पुस्तकं असतात आणि ती घरूनही उघडतात. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याचं लॉगिन तयार करावं लागतं. आमच्याकडं वर्गणी वर्षानुवर्षं भरली जात होती आणि लॉगिन होती ती बहुतेक शिक्षकांचीच. राखीव यादी कपाटावर चिकटवताना जे घरबसल्या मिळतं त्याच्यापुढं क्यूआर कोड छापा. जतच्या मुलीला दोन तासांच्या पुस्तकापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

सत्र संपलं की

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कोहातले पेपर बंद करायचे, लाल पट्ट्या काढायच्या, पुस्तकं मुख्य रॅकमध्ये. एक दिवसाचं काम आहे. मे महिन्यातल्या साठा पडताळणीवर ढकललं तर होत नाही, आणि कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असेल त्या वर्षी तर मुळीच नाही.

विभागाच्या कपाटाचा प्रश्न मात्र सेटिंगनं सुटत नाही. त्यावर मामांनीच तोड काढली. प्रत्येक राखीव पुस्तकाएवढा पुठ्ठा कापून ठेवला. पुस्तक कुणीही काढलं, मग ते सर असोत, मॅडम असोत की प्राचार्य, त्या जागी पुठ्ठा उभा करायचा आणि त्यावर पेन्सिलीनं नाव, तारीख. बारकोड मारायचा राहिला तरी पुठ्ठा सांगतो. गेल्या शनिवारी ग्रंथालय बंद करताना मी कपाटात बघितलं तर तीन पुठ्ठे उभे होते. एकावर इतिहासाच्या सरांचं नाव होतं, दोनांवर माझं.